घसरू नये म्हणून

व्हायोलिनवादक शर्वाणीबाई टेंभे तीस देश पालथे घालून आल्या होत्या, सेनेगलच्या ढोलवाल्यांबरोबर मैफली गाजवून आल्या होत्या. पण असला प्रकार त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

आपल्याकडच्या व्हायोलिनवादकांच्या रिवाजाप्रमाणे त्या मंचावर मांडी घालून बसल्या. व्हायोलिनचं एक टोक छातीशी धरलं, दुसरं उजव्या पावलावर टेकवलं. तोच पहिल्या रांगेतून महोत्सवाचे अध्यक्ष तात्यासाहेब शेजवलकर ताडकन उठले.

"थांबा! साक्षात सरस्वतीला पाय लावता? आधी सगळ्यांसमोर माफी मागा. नाहीतर या मंचावर तुम्हीही नको आणि तुमचे शिष्यही नकोत!"

तबलजीचा हात हवेतच राहिला. तानपुऱ्यावरच्या शिष्येच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वीस वर्षं शर्वाणीबाई मुलींना हेच तर शिकवत होत्या!

मग त्यांची नजर तात्यासाहेबांच्या नव्वदीच्या आईवर, शेजारीच बसलेल्या माईंवर गेली.

"माई, हे तान्हे असताना यांना अंघोळ कशी घालायचात हो?"

"कशी म्हणजे? पाय पसरायचे आणि पायांवर घ्यायचं!"

"अगंबाई! पोटच्या पोराला पाय लावलात?"

"काहीतरीच काय!" माई उसळल्या. "पोर घसरू नये म्हणून घेतात पायांवर!"

"माझंही घसरतं हो, माई," असं म्हणून शर्वाणीबाईंनी व्हायोलिन पुन्हा पावलावर टेकवलं.

तात्यासाहेब अजून उभेच होते. माईंनी त्यांचा सदरा खाली ओढला.

"बस. वाजवू दे तिला."