आईच्या दगडावरची शेवटची खूण

"म्हणजे एका खुणेनं मी भावाला कायमचा उडवू शकतो?" विल्सनने विचारलं.

"उडवू शकतोस," पास्कूबाबा म्हणाला.

वसईत कब्रस्तानाच्या भिंतीला लागून त्याचं दुकान. चाळीस वर्षं तो थडग्यांचे दगड कोरतोय. कॉलेज सोडून विल्सन त्याच्या हाताखाली आला, त्याला दोन वर्षं झाली. आज समोर विल्सनच्याच आईचा दगड होता.

इंग्रजी ओळ कोरून तयार होती. सन्स बिलव्हेड मदर. राहिली होती फक्त अपॉस्ट्रॉफी. 'सन्स'मधल्या शेवटच्या एसच्या आधी दिली, तर ती एकाच मुलाची आई. नंतर दिली, तर सगळ्या मुलांची. बाबाने दोन्हीकडे जागा सोडून पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. शेवटचा घाव घरच्याने घालायचा, ही त्याच्या दुकानाची रीत.

"ऑल्विन कुवेतला बसलाय. मातीलाही आला नाही. वर फोनवर सांगतो, दोघांचं येऊ दे. एसच्या आधीच घालतो मी."

"घाल. ती गेली तेव्हा जवळ कोण होतं?"

"नर्स."

"आणि तू?"

"भांडून गेलो होतो. चार दिवस फोन बंद."

बाबाने मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"तुम्ही नका असं बघू. दोन गल्ल्या सोडून राहता. मेलेल्यांची नावं कोरायला वेळ आहे, जिवंत बाईला बघायला नव्हता?"

"नव्हता."

म्हाताऱ्याने कारण दिलं नाही. तेवढं बरं केलं. म्हाताऱ्यांकडे कारणं फार असतात.

"नर्स म्हणाली, आई दाराकडे बघत होती," विल्सन म्हणाला. "आला का, आला का, विचारत होती."

"कोण आला का?"

"ते नाही बोलली."

बाबाने फडकं ओलं केलं. दोन्ही खुणा पुसल्या. मग छिन्नी विल्सनच्या हातात दिली.

विल्सनने ती एसच्या आधी टेकवली. उचलली.

एसच्या नंतर टेकवली. परत उचलली.

"बाबा... कुठे घालू?"

बाबाने छिन्नी काढून घेतली आणि दगडावर गोणपाट टाकलं.

"राहू दे. दगडाला घाई नाही. घाई तिला होती."