हरणांना कोण सांगतं?

लई लई वर्षांपूर्वी, बर्फाच्या काळात, निअँडरथल लोकांच्या गुहेत एक जाडजूड भाला होता. गारगोटीच्या पातीनं त्याला डिवचलं, "दहा दिवसांत एक हरण आणून दाखव, नाहीतर शेकोटीत जायचं!" येड्यानं पैज घेतली की!

नऊ दिवस झाले. भाला जवळ जायच्या आधीच हरणं पसार. भाल्याला वाटलं, नक्की कुणीतरी फितूर आहे.

"पाते, कातडं खरवडताना तू मुद्दाम आवाज करतेस."

"हो का दादा? हरणांचे कान काय सुपाएवढे असतात?"

"मग ही शेकोटी! धुरानं इशारे करते."

शेकोटी फुरफुरली, "बोल बोल. उद्या माझ्याच पोटात येणारेस."

दहाव्या दिवशी सरपण संपलं. शिकारीण उम्मानं भाला उचलून शेकोटीवर धरला. टोकाला चटका बसला तसा तो बोंबलला, "थांब गं उम्मे! फितूर मीच! मी जवळ जाऊन खुपसायचा भाला. आधी झाडीत लपता यायचं. आता थंडीनं झाडं गेली, गवत उरलं. हरणांना मी लांबूनच दिसतो. बिऱ्हाड खाली नदीच्या खिंडीत हलवा, तिथं हरणं अगदी अंगावरनं जातात."

उम्मानं भाला मागं घेतला आणि त्याच दिवशी सगळे खिंडीत गेले. खडकाआड दबा धरला आणि दुसऱ्याच दिवशी हरण पडलं.

पाती कुरकुरली, "म्हणजे पैज मी हरले?"

भाल्यानं बोटं मोजल्यासारखं केलं. "दिवस अकरावा आहे गं. हरलो मीच. आणि तुझ्यावर उगाच आळ घेतला, तोपण मीच."