बिळातली वेल

फार जुनी गोष्ट. तेव्हा उंदीरसुद्धा बिळाच्या भिंतींना टाइल्सची बॉर्डर लावत. कणी नावाच्या उंदरिणीने आणि तिच्या नवऱ्याने, शेपट्याने, नवं बीळ खणलं आणि गवंड्यांनी टाकलेल्या ढिगातून टाइलचे तुकडे ओढून आणले. मग बिळाच्या तोंडाशी, भर उन्हात, दोघांची जुंपली.

"मोरपंखीच लावायची. भिंत कशी उठून दिसेल!" कणी म्हणाली.

"छे! डाळिंबी लाव. पाहुणे बघत राहतील."

तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी सकाळी, त्यांच्याबरोबर नव्या बिळात राहायला आलेल्या कणीच्या सासूबाई जागेवर नव्हत्या. जुन्या बिळातलं वळण न् वळण त्यांच्या मिशांना पाठ होतं. इथे मात्र दाण्यांच्या कोठीकडे निघालेली म्हातारी भलत्याच फाट्यात जाऊन अडकली होती.

"म्हटलं, येईलच कुणीतरी," त्या हसून म्हणाल्या.

कणी तडक ढिगाकडे गेली आणि डोळे मिटून एकेका तुकड्यावर मिशा फिरवू लागली. मोरपंखी गुळगुळीत होती, डाळिंबीही तशीच. तळाशी उठावदार वेलीचे मातकट तुकडे होते. तेच तिने सासूबाईंच्या अंथरुणापासून कोठीपर्यंत भिंतीला ओळीने बसवले.

"अगं, हा कसला रंग?" शेपट्या ओरडला.

"आत अंधार आहे हो," कणी म्हणाली.

संध्याकाळी सासूबाई वेलीवर मिशा टेकवत एकट्याच कोठीत गेल्या आणि दोन दाणे घेऊन परतल्या. एक सुनेपुढे ठेवत म्हणाल्या, "किती गोड रंग निवडलास गं!"