काळ्या मातीने वाळू हाकलली

माती अजून बोलत होती त्या काळी एका कुंडीत काळी माती आणि जाड वाळू एकत्र नांदत होत्या. त्यांच्या मधोमध मोगऱ्याचं रोप होतं. माती मोठी मायाळू. आलेला प्रत्येक थेंब ती पोटाशी धरून ठेवायची. वाळू मात्र थेंबाला खाली जायला वाट द्यायची. ते पाहून मातीचा जीव तुटायचा.

"अगं उधळे, घरात आलेलं असं घालवतात का?" एक दिवस माती कडाडली. "चालती हो!"

बिचारी वाळू मुंग्यांच्या पाठीवर बसून कणाकणाने निघून गेली.

मातीला रान मोकळं मिळालं. पाणी पिऊन पिऊन ती टम्म फुगली. चार दिवसांत कुंडीत तळं साचलं आणि एक बेडूक सहकुटुंब राहायला आला. मातीला धन्य धन्य वाटलं, पण मोगऱ्याची पानं पिवळी पडली.

"बाळा, अजून पाणी देऊ का?" तिने काळजीने विचारलं.

"नको गं आई!" मोगरा गुदमरत म्हणाला. "मुळांना श्वास घ्यायला जागाच नाही. वाळूमावशीच्या फटींतून वारा तरी यायचा."

मातीने लगेच मुंग्यांना पिटाळून वाळूला परत आणवलं. वाळू आत शिरताच तळं गुडगुडत खाली निघालं. बेडूक शिव्या देत बाहेर पडला. मोगऱ्याने लांब श्वास घेतला.

पाणी ओसरताना माती हळूच म्हणाली, "एवढा एक थेंब ठेवू का गं?"

"एकच का? चांगले पोटभर ठेव," वाळू म्हणाली. "मी एकटी असते तर हा पोरगा तहानेनेच मेला असता."