रथाची हाक आणि धुडकूअण्णाचा घसा

एका गावात एक आवाज होता. तो धुडकूअण्णा नावाच्या माणसाच्या गळ्यात राहायचा, पण गावाला माणसापेक्षा आवाजच जास्त ओळखीचा. कुणाची म्हैस चुकली, बोलवा धुडकूअण्णाला. कुणाचा नवरा शेतावरून जेवायला येईना, बोलवा धुडकूअण्णाला. अण्णाने पारावर उभं राहून एक हाक मारली, की म्हैस आणि नवरा दोघंही निमूट घरी यायचे.

घरातही तीच तऱ्हा. जेवताना अण्णाने मीठ मागितलं, तर शेजारीण मीठ घेऊन यायची.

पण या आवाजाचा खरा मान वर्षातून एकदा. कार्तिकात त्या गावात देवाचा रथ निघायचा. नदीकाठच्या देवळापासून वरच्या वेशीपर्यंत नुसता चढ. पुढे दोर धरून अख्खं गाव, आणि मागे चाकांशी मोगरीवाले. मोगरी म्हणजे चाकाखाली सारायचा लाकडी ठोकळा. ती सारली की रथ जागच्या जागी थांबतो. आता एवढ्या माणसांनी एकदम ओढायचं आणि एकदम थांबायचं, ते कसं? तर रथावर उभ्या असलेल्या हाकाऱ्याच्या हाकेवर. लांब ‘होऽऽऽ’ आली की ओढायचं, तुटक ‘धर!’ आलं की थांबायचं. हाक चुकली तर रथ मागे घसरायचा, आणि चाकाखाली कोण येईल याचा नेम नाही. म्हणून हाकाऱ्याला मानाचा फेटा बांधायची रीत होती. तो फेटा अण्णाच्या आजाने मिरवला, बापाने मिरवला, आणि आता अण्णा मिरवत होता. त्या फेट्यावर त्याचा जीव होता.

एका वर्षी दिवाळीचे दिवे विझले, रथ तोंडावर आला, आणि नेमका अण्णाचा घसा बसला. सकाळी उठून त्याने बायकोला हाक मारली, तर कोंबडीच्या पिल्लाएवढा आवाज निघाला. बायको बायजा आधी खळखळून हसली आणि मग घाबरली.

घसा बसणारच की हो! दिवसभर गावाच्या म्हशी हाकारायच्या. तोंडात तंबाखूचं पान कायमचं. जेवण उशिरा, त्यात मिरचीचा ठेचा असा की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं, आणि हात धुतला की लगेच आडवं व्हायचं. पहाटे आंबट पाणी घशाशी यायचं, त्यावर हा पुन्हा पान लावायचा. घशाने तरी किती सोसावं?

बातमी गावभर झाली आणि औषधांची रीघ लागली. कुणी ज्येष्ठमध आणलं, कुणी लवंग आणि खडीसाखर. एक मावशी हळदीचं दूध घेऊन आल्या, दुसऱ्या आल्याचा रस. किराणा दुकानदाराने तर घरात उरलेल्या गोळ्याच काढून दिल्या. म्हणाला, “घे बिनधास्त. माझ्या सासऱ्याला लागू पडल्या होत्या.” सासऱ्याचं दुखत होतं काय, हे मात्र त्याला आठवेना.

अण्णाने सगळं घेतलं. कुणाचं मन मोडायचं नाही, हा त्याचा स्वभाव. पण गंमत पुढेच आहे. औषध देणारा औषध देऊन घरी जाईल तर शपथ! तो तिथेच बसायचा, अण्णा गिळेपर्यंत वाट बघायचा आणि म्हणायचा, “हां, आता मार बघू एक हाक! कळू दे की गुण आला का नाही!”

अण्णा बिचारा पारावर जायचा, छाती भरून घ्यायचा आणि जीव तोडून हाक मारायचा. जरा आवाज निघाला की औषधवाला खूश. “बघितलंस? माझाच गुण!” नाही निघाला, तर दुसऱ्या औषधवाल्याची पाळी. त्याचं औषध, आणि पुन्हा हाक. दुपारपर्यंत तिसरा हजर. गावात औषधांची चढाओढ लागली, आणि घसा बिचारा मधल्या मधे भरडला गेला. शेवटी कोंबडीच्या पिल्लाचाही आवाज बंद झाला.

तेव्हा बायजाने कंबर कसली. “बास झाली गावाची दया!” असं म्हणून तिने अण्णाला एसटीत घातलं आणि तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी नळी घालून घसा तपासला. मग गावाने काय काय दिलं ते बायजाने सांगायला सुरुवात केली. सांगता सांगता तिला धाप लागली. बाई हसल्या.

“ज्येष्ठमध, हळद, आलं, यांचं माझं काही भांडण नाही,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याच्या गोळ्या तेवढ्या फेकून द्या. पण अण्णा, पाय मुरगळला तर तुम्ही लेप लावाल आणि तो लागू पडला का बघायला लगेच शर्यतीत पळाल का हो?”

अण्णाने मान हलवली. नाही.

“मग घशालाच का पळवताय? आतून सुजलाय तो. तुमच्या पोटातलं आंबट वर येतंय, त्याचं औषध मी देते. तंबाखू बंद. जेवण लवकर, ठेचा बेताने, जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. दिवसभर थोडं थोडं पाणी. आणि रथाच्या दिवसापर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने घशाला आणखी ताण पडतो. औषध माझं, पण गप्प बसणं तुमचं. ते मला बाटलीत भरून देता येत नाही.”

आली का पंचाईत! ज्याने मीठसुद्धा गावाला ऐकू जाईल असं मागितलं, त्याने गप्प बसायचं! पण अण्णाने मनाशी ठरवलं. घरी आल्याबरोबर तंबाखूची चंची चुलीत घातली. पहिले काही दिवस फार वाईट गेले. हात आपोआप कमरेला जाई आणि रिकामा परत येई. बोलायला तोंड उघडे आणि तो पाण्याचा घोट घेऊन मिटून टाकी. बायजाने दारातच जाहीर केलं, “औषध आणलंत तर चहा पिऊन जा, पण हाक मागायची नाही!”

गावाला हे पटलं नाही. लोक पारावर बोलू लागले. “अण्णाचा आवाज गेला. आता लाज वाटते म्हणून मुका झालाय.” सगळ्यात पुढे होता नथू, अण्णाचा चुलतभाऊ. आवाज त्याचाही चांगला होता, आणि फेट्यावर त्याचा कधीपासून डोळा होता.

शेवटी पाटलांनी देवळात बैठक बसवली. पाटील माणूस सरळ होता. ते म्हणाले, “अण्णा, मान तुझ्या घरचाच आहे. पण दोराला आमची पोरंबाळं असतात. एकदा इथं हाक मारून दाखव, म्हणजे आम्ही निर्धास्त होऊ.”

अण्णाला जाणवत होतं, घसा आता मोकळा वाटतोय, हाक कदाचित येईलही. छातीत ती गच्च भरून आली होती. एकदाच मारली तर काय होईल? समोर फेटा ठेवलेला होता, आजाचा आणि बापाचा. नथू गालातल्या गालात हसत होता. अण्णाचे डोळे भरून आले. पण त्याने हात जोडले आणि मान खाली घातली.

बायजा उठून उभी राहिली. “पाटील, घसा अजून नाजूक आहे. आज दाखवायला हाक मारली, तर रथाला ती उरायची नाही.”

“न बघता रथ कसा सोपवू, वहिनी?” पाटील म्हणाले. आणि फेटा नथूला गेला.

अण्णा घरी येऊन गोठ्यात बसला आणि रडला. रडतानाही आवाज होऊ दिला नाही, एवढं त्याचं पथ्य कडक. बायजा शेजारी बसून राहिली.

इकडे नथूची काय वर्णावी ऐट! उठला की पारावर, आणि ‘होऽऽऽ’. चहा झाला की ‘होऽऽऽ’. पोरांनी म्हणावं, “नथूकाका, अजून एकदा!” की याची छाती फुगलीच. घसा जरा खरखरला की कुणीतरी लवंग द्यायचं, आणि लगेच म्हणायचं, “मार बघू हाक!”

रथाचा दिवस उजाडला. झेंडूच्या माळा, ढोल, गुलाल, दोराला माणूसच माणूस. नथू फेटा बांधून रथावर चढला. अण्णाने कुणाला काही न सांगता मागच्या चाकाशी जाऊन मोगरी उचलली. तिथे बोलावं लागत नाही. आणि देवाचं काम ते देवाचं काम.

रथ निघाला. नथूच्या पहिल्या हाका खणखणीत आल्या. मग जरा चिरक्या, मग फाटक्या. गावाचं लक्ष गुलालात होतं. रथ चढाच्या मधल्या वळणाला आला, सगळ्यात उभा चढ तो. नथूने तोंड उघडलं, आणि नुसता वारा बाहेर पडला.

पुढच्यांनी ओढलं, मागचे हाकेची वाट बघत राहिले. दोर सैल पडला. रथ करकरला आणि मागे सरकू लागला. बायका किंचाळल्या. मोगरीवाले गोंधळले, सारायची की थांबायचं? नथू वर उभा राहून हातवारे करत होता, पण ढोलाच्या दणदणाटात हात कोण बघतो?

आणि तेव्हा चाकापासून आवाज उठला.

“धर!”

एकच शब्द. पण काय तो शब्द! ढोलवाल्यांच्या टिपऱ्या थांबल्या. शेकडो हातांनी दोर आवळला. सगळ्या मोगऱ्या एका वेळी चाकांखाली गेल्या आणि रथ जिथल्या तिथे उभा राहिला. कुणाच्या नखालाही धक्का लागला नाही.

सगळ्यांनी वळून बघितलं. गुलालाने माखलेला धुडकूअण्णा चाकाशी गुडघ्यावर बसला होता.

नथूनेच वरून हात पुढे केला. अण्णाला ओढून रथावर घेतलं, स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. नथूचा चेहरा रडवेला झाला होता. अण्णाने त्याच्या पाठीवर थाप मारली, छाती भरून घेतली, आणि इतके दिवस जपलेली हाक सोडली.

“होऽऽऽऽऽ!”

अहाहा! नदीपलीकडच्या शिवारातली गुरं माना वर करून बघू लागली. म्हाताऱ्यांनी दोराला हात घातला. रथ असा चढला की वेशीत जाऊनच थांबला. गुलालाने आभाळ लाल झालं. पाटलांनी अण्णाला खांद्यावर घेतलं आणि बायजाच्या डोळ्यांना पदर लागला तो निघेना.

“अण्णा, अजून एकदा!” गाव ओरडलं. “एकदाच!”

अण्णा हसला. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि पाण्याचा तांब्या मागवला.

तेवढ्यात रथामागे गडबड ऐकू आली. नथूभोवती माणसं जमली होती. किराणा दुकानदार खिशातून गोळ्या काढत होता. “घे रे नथू, बिनधास्त घे, आणि मार बघू एक हाक!”

अण्णा खांद्यावरून उतरला, गर्दीतून वाट काढत गेला आणि दुकानदाराची मूठ हळूच मिटली. मग तांब्या नथूच्या हातात दिला आणि शेजारच्यालाही जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “पाणी पी. आणि आता गप्प बस. सकाळच्या एसटीने तालुक्याला जाऊ.”

तात्पर्य काय, तर नुसतं औषध घेतल्याने दुखणं जात नाही. ज्या सवयीने ते आलं ती सोडावी लागते, आणि दुखऱ्या जागेला विसावा द्यायचा धीर आपल्यालाच धरावा लागतो.