कुलपातला आवाज

“पण निरूपणं सांभाळायचं काम त्या हौसाला का दिलंत, बाबा?”

शिष्य भानुदासनं जनार्दनबाबांना विचारलं. दोन वर्षांपूर्वी घशाच्या आजारात त्यांचा आवाज गेला होता. आता नुसती कुजबुज उरली होती.

भानुदास धुसफुसत होता. “अकरा वर्षं मी तुमची निरूपणं भरून घेतली. सीडी करून कपाटात, कुलपात ठेवली. आणि ती हौसा! काल आली, भाकऱ्या थापते, अन् लोकांच्या फोनमधून तुमची निरूपणं गोळा करते. कुणीही मागितलं की देते. गिरणीवर दळण दळताना ऐकतात लोक!”

“गिरणीवर?... बरं झालं.”

“तिच्या हातची भाकरीसुद्धा तुम्ही एक जास्त खाता.”

बाबा हसले.

“तिच्याकडचं सगळं मागच्या रांगेतलं, बाबा. खोकला, पोरांची रडारड. माझ्याकडे फक्त तुम्ही आहात.”

“ऐकतोस?”

“छे! झिजतील म्हणून एकदाही लावली नाहीत.”

“एक लाव.”

भानुदास उठला. कपाट उघडून त्यानं मखमलीत गुंडाळलेली एक सीडी काढली. त्याच्या आईच्या तेराव्याला बाबांनी केलेलं निरूपण. आरशासारखी स्वच्छ, एक ओरखडा नाही.

सीडी यंत्रात फिरली. घरघरली... थांबली.

त्यानं ती पुसून पुन्हा लावली. मग दुसरी लावली. मग तिसरी.

काहीच नाही.

“वरून तर चकचकीत आहेत...” तो म्हणाला.

अंगणात चुलीपाशी हौसाचा फोन सुरू होता. कुणीतरी खोकलं, एक पोर रडलं, आणि त्यातून बाबांचा जुना, भरदार आवाज आला.

भानुदासनं मान फिरवली. पण तो ऐकत होता.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, “आईचं तेवढं... तिच्याकडे असेल का?”

“असेल. नसेल.”

“मग तुम्हीच सांगा ना तिला. तुमचं ऐकेल ती.”

बाबांनी नकारार्थी मान हलवली.

“तूच माग... देवळात जातोस तसा, अनवाणी जा.”