फर्माईशीतली नावं

एकदा एक तरुण निवेदक आपल्या वृद्ध गुरूंच्या दारात तोंड पाडून उभा राहिला. तालुक्याच्या रेडिओ केंद्रावरचा फर्माईशींचा कार्यक्रम गुरूंनीच सुरू केला होता. ते निवृत्त झाले आणि तो शिष्याच्या हाती आला.

"गुरुजी, कार्यक्रम बंद करायचं म्हणतायत साहेब. गाणी आता ज्याच्या त्याच्या फोनमध्ये. आपलं कोण ऐकणार?"

"मग तू काय केलंस?"

"कार्यक्रम मोबाइलवरही ठेवला. आणि फर्माईश करणाऱ्यांची नावं काढून टाकली. तेवढ्या वेळात एक गाणं जास्त बसतं."

गुरू हसले. "उद्या मी येतो. एकदा मला बोलू दे."

गुरूंना नाही कसं म्हणायचं? दुसऱ्या दिवशी ते माइकसमोर बसले, गाणं लावलं, आणि मुखडा संपतो न संपतो तोच थांबवलं. मग त्या गाण्याची फर्माईश करणाऱ्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. सावकाश, गावासकट.

"पिंपळदरीहून सुलभा खरात, त्यांच्या सासूबाई अनसूयाबाई, गिरणीवाले बाबूमियाँ, आणि चावडीजवळचं समस्त मित्रमंडळ..."

गाणं राहिलं ते राहिलंच. काचेपलीकडे शिष्याला घाम फुटला. म्हाताऱ्याने कार्यक्रमाची तिरडीच बांधली, असं मनात येऊन त्याला रागही आला.

सकाळी त्याने भीतभीत मोबाइलवरचा आलेख उघडला. लोकांनी कार्यक्रम कुठे सोडला, कुठे मागे नेऊन पुन्हा ऐकला, हे त्यात दिसत असे. वाजलं तेवढं गाणंही बहुतेकांनी पुढे सरकवून टाळलं होतं. नावं मात्र पुन्हा पुन्हा ऐकली होती. सुलभाताईंचा तर आवाजी निरोपच आला होता : "भाऊ, आमच्या सासूबाईंना कमी ऐकू येतंय. रेडिओवर आपलं नाव, हे पटेचना त्यांना. मागं नेऊन नेऊन ऐकवलं, तवा तोंडाला पदर लावून हसल्या."

शिष्य तडक गुरूंकडे गेला.

"अरे, गाणी त्यांच्याजवळ आपल्यापेक्षा जास्त आहेत," गुरू म्हणाले. "पण चारचौघांत आपलं नाव कुणी प्रेमाने घ्यावं, हे सुख माणसाला स्वतःचं स्वतःला देता येत नाही. ते आपण देत आलो. गाणं निमित्त होतं. तू निमित्त ठेवलंस आणि देणंच छाटलंस."

"म्हणजे मोबाइलने आपलं वाटोळं केलं नाही?"

"वाटोळं कसलं! माझ्या वेळी नाव एकदा हवेत गेलं की गेलं. ज्याचं नाव, तो नेमका तेव्हा गोठ्यात! किती जणांची हुरहूर राहिली, ते माझं मला ठाऊक. तुझ्या वेळी ते नाव त्याची वाट बघत थांबतं. माझ्याहून नशीबवान आहेस, लेका."

शिष्याने तो आलेख साहेबांपुढे ठेवला आणि सुलभाताईंचा निरोप ऐकवला. कार्यक्रम बंद करण्याचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. जरा संकोचून म्हणाले, "उद्या माझ्या आईचं नाव घ्याल का?"

"घेतो की," शिष्य म्हणाला. "गाव सांगा."